पणजोबांच्या पलीकडे: आपल्या घराण्याचा माग कसा काढायचा

बहुतेक घरांत माहिती पणजोबांपाशी थांबते. त्यांचं नाव ठाऊक असतं, कधीकधी पणजीचंही. त्याच्या मागे सगळी ऐकीव माहिती असते: मूळचे कुठले तरी दुसऱ्या गावचे, दुष्काळात इकडे आलो, एक भाऊ तिकडेच राहिला. ही माहिती कागदावर तपासता येते. आपल्याकडे शेतसारा, वतन, जन्म-मृत्यू, शाळा आणि तीर्थयात्रा या पाच निमित्तांनी सामान्य माणसांची नावं लिहून ठेवली गेली आणि त्यातलं बरंचसं अजून शाबूत आहे. माझ्या घराण्याचा शोध मी याच वाटांनी घेतला. तो घेताना कोणत्या कागदानंतर कोणता मागायचा हे सांगणारं कोणी भेटलं नाही, म्हणून हा क्रम लिहून ठेवतो आहे.

एक नियम आधीच सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. शोध नेहमी आजपासून मागे न्यायचा. ऐतिहासिक पुरुषापासून खाली उतरत आपल्यापर्यंत यायचं नाही. प्रत्येक पिढीला तिच्या मागच्या पिढीशी जोडणारा एक तरी कागद हवा. तो सापडेपर्यंत वरचं नाव पेन्सिलीनेच लिहा.

सोबत काय लागेल

- स्वतःचं ओळखपत्र आणि त्याच्या चार-पाच झेरॉक्स
- वडील-आजोबांचे शाळेचे दाखले, मृत्यूचे दाखले, जुनी रेशनकार्डं, जे असेल ते
- घरच्या जमिनीचा चालू सातबारा आणि ८-अ. जमीन विकली असेल तर निदान तिचा गट नंबर
- नकलेच्या अर्जांसाठी कोर्ट फी स्टॅम्प
- जाड पुठ्ठ्याची वही, पेन्सिल, चांगला कॅमेरा असलेला फोन
- मोडी वाचणारी ओळखीची व्यक्ती (हिची गरज सहाव्या पायरीला लागेल, पण शोध आजच सुरू करा)

१. आधी घरातली माणसं

कचेऱ्या कुठे पळून जात नाहीत, वयस्कर माणसांचं तसं नाही. म्हणून पहिले दिवस आत्या, मावशी, चुलत आजोबा यांच्यासाठी ठेवा. आत्यांकडे सर्वांत आधी जा. माहेरची नाती त्यांना पुरुषांपेक्षा जास्त तपशिलात आठवतात, आणि कोणाची मुलगी कुठल्या गावी दिली हे त्यांच्याकडूनच कळतं.

'तुमच्या आजोबांचा जन्म कधीचा?' असं विचारलं तर उत्तर येणार नाही. घटनेला धरून विचारा. मानमोडीच्या म्हणजे इन्फ्लुएंझाच्या साथीत (१९१८) घरातलं कोण गेलं? गांधीवधानंतरच्या जाळपोळीच्या वेळी ते कुठे होते? पानशेत फुटलं (१९६१), कोयनेचा भूकंप झाला (१९६७), बहात्तरचा दुष्काळ पडला, तेव्हा कोण केवढं होतं? यातून जन्मसाल दोन-तीन वर्षांच्या अंतरात पकडता येतं.

याच बैठकीत कुलदैवत, गोत्र किंवा देवक, मूळ गाव, सोयरिकीची गावं आणि घराणं कोणत्या तीर्थाला जायचं हे लिहून घ्या. देवघरातली पोथी, लग्नपत्रिका, जुने दागिने गुंडाळलेले कागद, बाळंतपणाच्या नोंदींचं कॅलेंडर, हे सगळं मागून बघा आणि जागेवरच फोटो काढा. घरी न्यायला मागू नका, लोक बिचकतात.

२. गाव नक्की करा

रेकॉर्ड गावाच्या नावाने लागतं, आडनावाने नाही. त्यामुळे मौजे, तालुका, जिल्हा आणि तो भाग १९४७ पूर्वी कोणाच्या अमलाखाली होता, या चार गोष्टी ठरल्याशिवाय कचेरीत जाण्यात अर्थ नाही. पुणे, सातारा, रत्नागिरी, नाशिक हे जिल्हे मुंबई इलाख्यात होते. मराठवाडा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि तिथल्या बऱ्याच नोंदी उर्दूत सापडतात. नागपूर-वऱ्हाडचा कारभार 'मध्य प्रांत व वऱ्हाड' या प्रांतातून चाले. कोल्हापूर, सांगली, मिरज, औंध, फलटण, भोर यांसारख्या संस्थानांची दप्तरं वेगळी. तालुक्यांच्या हद्दीही मधल्या काळात बदलल्या आहेत, तेव्हा आजच्या तहसीलमध्ये कागद मिळाला नाही तर जुना तालुका कोणता होता ते विचारा.

आडनाव मूळ गाव सांगतंच असं नाही. गावाच्या नावावरून पडलेलं आडनाव अनेकदा गाव सोडल्यावर पडतं, आणि पाटील, कुलकर्णी, देशमुख, जोशी ही वतनाची नावं आहेत. शंभर वर्षांपूर्वीच्या कागदांत कित्येकांचं आडनावच नसतं. नुसतं 'राघू बिन संभू' असतं. बिन म्हणजे मुलगा, वलद म्हणजेही मुलगा, आणि कोम म्हणजे बायको. हे तीन शब्द डोक्यात पक्के करा.

३. सातबाऱ्यावरून फेरफाराकडे

माझ्या अनुभवात सर्वांत जास्त देणारी पायरी हीच, म्हणून इथे थोडं थांबतो.

आजचा सातबारा तुम्हाला फक्त आजचे खातेदार सांगतो. पण त्यावर फेरफारांचे, म्हणजे जमिनीच्या हक्कात झालेल्या बदलांच्या नोंदींचे, नंबर असतात. जुन्या हस्तलिखित सातबाऱ्यावर ते गोल करून लिहिलेले दिसतील आणि कमी केलेल्या नावांना कंस केलेला असेल. हे सगळे नंबर उतरवून घ्या आणि त्या प्रत्येक फेरफाराची नक्कल मागा. फेरफार म्हणजे गाव नमुना ६. वारसाच्या प्रकरणांची वेगळी नोंदवही म्हणजे ६-क, तीही मागायची. बऱ्याच गावांत विसाव्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकापासूनचे फेरफार मिळतात. तलाठ्याकडे नसले तर तहसीलच्या अभिलेख कक्षात असतात. अनेक जिल्ह्यांतले जुने कागद महाभूमी संकेतस्थळावर स्कॅन करून ठेवले आहेत, तेव्हा प्रवास करण्याआधी तिथे गावाचं नाव टाकून बघा.

वारसाच्या फेरफारात साधारण असा मजकूर असतो (नमुन्यादाखल देतो):

'खातेदार सखाराम बिन राघू हा सन १९१८ चे आक्टोबर महिन्यात मयत. वारस मुलगा गणू, अज्ञान, वय ६, अ.पा.क. आई भागीरथी कोम सखाराम. वर्दी ता. ३ मार्च १९१९.'

या दोन ओळींत तीन पिढ्या आहेत: राघू, सखाराम, गणू. गणूचा जन्म १९१२ च्या आसपासचा. सखाराम मानमोडीच्या ऐन भरात गेला. आणि 'अ.पा.क.' म्हणजे अज्ञान पालनकर्ता. मूल लहान असताना बाप गेला की पालक म्हणून आईचं नाव चढतं. घराण्यातल्या बायकांची नावं शोधायची असतील तर ही तीन अक्षरं जिथे दिसतील तिथे थांबा. जुन्या कागदांत बाई स्वतःच्या नावाने क्वचितच येते, पण विधवा आणि पालक म्हणून येते. 'ए.कु.मॅ.' किंवा 'ए.कु.क.' दिसलं तर तो एकत्र कुटुंबाचा मॅनेजर किंवा कर्ता, म्हणजे त्याच्या मागे कागदावर न दिसणारे भाऊ आहेत असं समजून वाटणीचा फेरफार शोधा.

१९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानंतर मुलींची नावंही वारसांत येऊ लागली. त्यामुळे त्यानंतरच्या वारस नोंदी आणि हक्कसोडपत्रं नीट वाचा. बहिणींची नावं, त्यांच्या नवऱ्यांची नावं, सासरची गावं, सगळं तिथे मिळतं. वंशवृक्षातल्या मुलींच्या शाखा मी बहुतांश याच कागदांवरून जोडल्या.

इथे एक मोठी अडचण येते. एकत्रीकरण योजनेत (कायदा १९४७ चा, अंमल गावागणिक पुढेमागे) सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. आजचा गट नंबर घेऊन १९३० चा कागद मागितला तर 'सापडत नाही' असंच उत्तर मिळणार. तालुक्याच्या भूमि अभिलेख कार्यालयातून एकत्रीकरणाचा उतारा घ्या, म्हणजे जुना सर्व्हे नंबर कळेल. तिथेच आकारबंद, कडईपत्रक, सूड, फाळणी हे मोजणी-आकारणीचे जुने कागदही मागता येतात. ब्रिटिशांची मोजणी इंदापुरापासून १८३५ नंतर पसरत गेली आणि त्या मोजणीच्या कागदांतही खातेदारांची नावं आहेत. मराठवाड्यात खासरा पाहणी आणि सेतवार, विदर्भात १९५४-५५ चं अधिकार अभिलेख हे शब्द वापरा, तिथल्या रेकॉर्डची माणसं तेच शब्द ओळखतात.

अर्ज एकाच विषयाचा, एकाच गावाचा ठेवा. 'घराण्याची सर्व कागदपत्रे मिळावीत' असा अर्ज कोणी हातात धरत नाही. 'मौजे अमुक, सर्व्हे नंबर अमुक, फेरफार नंबर अमुक ते अमुक' असा लिहा. दाद लागली नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज करा. फी दहा रुपये, उत्तराची मुदत तीस दिवस.

४. कोतवाल बुक आणि शाळेचं रजिस्टर

गाव नमुना १४ म्हणजे जन्म-मृत्यूची जुनी नोंदवही, बोलीत कोतवाल बुक. ती तहसीलच्या रेकॉर्डमध्ये असते. तिच्यात जातीचा उल्लेख असल्याने दाखल्यांसाठी लोक ती नेहमी मागतात, त्यामुळे कर्मचाऱ्यांना ती नेमकी ठाऊक असते. जन्माच्या नोंदीत पुष्कळदा बाळाचं नाव नसतं. बापाचं नाव, तारीख आणि 'मुलगा' किंवा 'मुलगी' एवढंच. मृत्यूच्या नोंदीत कारण असतं: ताप, पटकी, देवी, बाळंतरोग. ते वाचताना एकेका घरात एकाच आठवड्यात तीन नोंदी दिसतात. घाई न करता त्या उतरवून घ्या. वंशावळीत ज्यांची नावं कधीच आली नसती अशी मुलं तिथे भेटतात.

शाळेतून 'जनरल रजिस्टरचा उतारा' मागा, नुसता सोडल्याचा दाखला नको. जन्मतारीख १ जून दिसली तर ती अंदाजाने लिहिलेली आहे असं धरून चाला. जूनमध्ये शाळा सुरू व्हायची आणि मास्तर वय बघून तारीख टाकायचे. खरी तारीख कोतवाल बुकात शोधा.

मराठा-कुणबी नोंदी शोधण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती २०२३ मध्ये नेमली गेली. त्या कामात महसूल, शाळा, जन्म-मृत्यू अशी असंख्य जुनी रजिस्टरं उघडली गेली आणि अनेक जिल्ह्यांच्या सरकारी संकेतस्थळांवर गाववार स्कॅन प्रती आल्या. तुम्ही कोणत्याही जातीचे असा, त्या पानांवर गावातल्या इतरांचीही नावं आहेत. अवश्य चाळा.

५. तीर्थोपाध्यांच्या वह्या आणि हेळव्यांचे चोपडे

नाशिक, त्र्यंबकेश्वर, गया, काशी, प्रयाग, हरिद्वार, गोकर्ण. यांपैकी एका तरी ठिकाणी तुमच्या घरातलं कोणी अस्थी घेऊन, पिंडदानाला किंवा सिंहस्थाला गेलं असण्याची शक्यता मोठी आहे. गेलं असेल तर त्यांनी तिथल्या उपाध्यांच्या नामावळीत लेख लिहून दिलेला असतो: स्वतःचं नाव, बाप, आजा, भाऊ, मुलं, गाव, येण्याचं कारण, तिथी. खाली सही किंवा निशाणी. बायको आणि आईचीही नावं कधीकधी येतात.

जाण्याआधी आडनाव, जात, मूळ गाव आणि जुना तालुका पाठ करा. उपाध्यांची यजमानकी गावावर, जातीवर किंवा आडनावावर वाटलेली असते, त्यामुळे पंचवटीत उतरल्यावर 'अमुक तालुक्यातल्या अमुक गावचे उपाध्ये कोण' एवढंच विचारायचं. स्टेशनवर जो पहिला 'तुमची वही माझ्याकडे आहे' म्हणेल त्याच्यामागे जाऊ नका. वही उघडून तुमच्या गावचा एखादा लेख दाखवल्यावरच विश्वास ठेवा. उपाध्यांच्या घरात भावाभावांत वाटण्या झाल्या की वह्याही वाटल्या जातात, तेव्हा एका घरी १९४० नंतरचे लेख मिळाले आणि मागचे नाहीत, तर चुलत घर विचारा.

सिंहस्थाच्या किंवा पितृपक्षाच्या गर्दीत जाऊ नका. दक्षिणा आधी मोकळेपणाने बोलून घ्या. फोटो काढण्याआधी विचारा, आणि नकार मिळाला तर हाताने उतरवून घ्या. त्या वह्या त्यांच्या घराची पिढ्यानपिढ्यांची ठेव आहे. निघताना तुमचा स्वतःचा लेख स्वच्छ अक्षरात लिहून द्या. त्यात मुलींची नावं, सुनांची माहेरची आडनावं आणि आजचा पत्ता जरूर घाला.

कोल्हापूर, सांगली, सोलापूर आणि कर्नाटकाच्या सीमेवरच्या गावांत हेळवी येतात. यजमानांच्या घरांची वंशावळ सांगणं हाच त्यांचा परंपरागत व्यवसाय. मूळ गाव कोणतं, तिथून कधी निघालो, कोणाला किती मुलगे, हे त्यांच्या चोपड्यात असतं. तुमच्या भागात ते कोणत्या महिन्यात फिरतात ते गावच्या जुन्या माणसांना विचारा आणि त्या दिवसांत गावी थांबा. त्यांची माहिती भरपूर असते, पण ती तोंडी सांगण्याच्या परंपरेतून आलेली असल्याने नावं फेरफारांशी ताडून घ्यायची. अनेक भागांत भाटही असंच काम करतात.

६. मोडी

साधारण शंभर वर्षांच्या मागे गेलात की कागद मोडीत मिळू लागतात. स्वतः शिकता आली तर उत्तम. पुराभिलेख संचालनालय, पुण्याचं भारत इतिहास संशोधक मंडळ आणि काही महाविद्यालयं वर्ग घेतात. अक्षरं काही आठवड्यांत येतात, पण घसटी मोडी वाचायला डोळा तयार व्हावा लागतो: आधी ओळभर रेघ ओढून तिच्याखाली लिहिलेलं, शब्दांमध्ये जागा नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही.

जाणकाराकडून लिप्यंतर करून घेणार असाल तर ओळीला ओळ लावून मागा, नुसता सारांश नको. न लागलेल्या शब्दाच्या जागी प्रश्नचिन्ह ठेवायला सांगा. नावाबद्दल शंका असेल तर त्याच माणसाचं नाव दुसऱ्या कागदात कसं आहे ते दाखवा.

७. सन आणि तारखा

शके असेल तर ७८ मिळवा (जानेवारीपासून गुढीपाडव्यापर्यंत ७९). फसली (महसुली) सनात ५९० मिळवा, जानेवारी ते मे असेल तर ५९१. मराठेशाहीतल्या कागदांवर सुहूर सन असतो, तो अरबी अंकनामांनी लिहितात आणि मृगाला, म्हणजे जूनच्या सुरुवातीला, सुरू होतो. त्यात ५९९ मिळवा, जानेवारी ते मे असेल तर ६००. 'सलास सबैन मया व अलफ' म्हणजे ३ + ७० + १०० + १००० = ११७३, म्हणजे इ.स. १७७२-७३. इहिदे, इसन्ने, सलास, अर्बा, खमस, सीत, सबा, समान, तिसा हे एक ते नऊ वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

८. पुराभिलेखागार: कोणी जावं

पुण्यातलं पेशवे दप्तर, मुंबई, कोल्हापूर, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथली पुराभिलेखागारं सर्वांना खुली आहेत. तरी आधीच्या पायऱ्या पूर्ण झाल्याशिवाय जाऊ नका. पुण्यात हजारो रुमाल (फडक्यात बांधलेले कागदांचे गठ्ठे) आहेत. नुसतं आडनाव घेऊन तिथे काही हाती लागत नाही. गाव, परगणा, वतन किंवा इनामाचा प्रकार आणि अंदाजे काळ हवा.

तुमच्या घरात पाटीलकी, कुलकर्ण, देशमुखी, जोशीपण, गुरवकी, महारकी असं कोणतंही वतन किंवा इनाम असेल तर जरूर जा. १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशनने इनामदारांचे हक्क तपासले, आणि हक्क शाबीत करायला लोकांनी कैफियती, सनदा, वंशावळी दाखल केल्या. वतनासाठी भाऊबंदांत झालेले तंटे तर वंशावळीची खाणच आहेत, कारण प्रत्येक पक्ष आपला हक्क मूळ पुरुषापासून मांडतो. मात्र दोन्ही पक्षांची वंशावळ वाचा. हक्कासाठी एखादी शाखा गाळली जाते, एखादी पुढे ओढली जाते.

महार आणि इतर कनिष्ठ गावकामगारांची वतनं १९५८ च्या कायद्याने खालसा झाली. त्या वेळच्या वतन रजिस्टरांत आणि जमीन पुनर्प्रदानाच्या (परत देण्याच्या) फेरफारांत तक्षिमदारांची, म्हणजे वतनातल्या हिस्सेदारांची, नावं सविस्तर आहेत. दलित कुटुंबांना 'तुमच्याकडे कागद नसणार' असं कोणी सांगितलं तर ते मुळीच मान्य करू नका आणि हे रजिस्टर नावाने मागा.

९. जमीन नसेल, गाव सुटलं असेल तर

मुंबईला गिरणीत आलेल्यांसाठी: महापालिकेचे जन्म-मृत्यू दाखले, चाळीच्या भाडेपावत्या, मुलांच्या शाळांची रजिस्टरं. धरणात गाव गेलेल्यांसाठी: पुनर्वसन कार्यालयातलं संकलन रजिस्टर, ज्यात कुटुंबातल्या माणसांची यादी असते. पहिल्या महायुद्धात कोणी कामी आलं असेल तर कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या संकेतस्थळावर नाव शोधा. अनेक भारतीय शिपायांच्या नोंदीत बापाचं नाव आणि गाव दिलेलं आहे. स्पेलिंग मात्र इंग्रज कारकुनाच्या कानाप्रमाणे असतं, म्हणून पाच-सहा तऱ्हेने टाकून बघा.

कोकणातून मुंबई बंदरातून मॉरिशसला गिरमिटावर (मजुरीच्या करारावर) गेलेल्यांच्या नोंदी तिथल्या मोका गावी महात्मा गांधी संस्थेत जपल्या आहेत. जहाज आणि मजुराचा नंबर हा तिथल्या शोधाचा धागा. गोव्यात ख्रिस्ती घराण्यांसाठी चर्चची बाप्तिस्मा, लग्न आणि मृत्यूची पुस्तकं, हिंदू घराण्यांसाठी देवस्थानांच्या महाजनांच्या (सभासद घराण्यांच्या) याद्या, आणि दोघांसाठी गावकारीतल्या, म्हणजे गावच्या सामाईक जमिनीच्या संस्थेतल्या, वांगडांच्या (कुळांच्या) नोंदी. त्यातलं बरंच पोर्तुगीजमध्ये आहे.

१०. मांडणी

आपल्याकडे नातवाला आजोबांचं नाव ठेवतात. त्यामुळे 'राघू बिन सखाराम' एकाच जमिनीवर साठ वर्षांच्या अंतराने दोनदा येतो आणि दोन माणसांचा एक होतो, किंवा मधली एक पिढी गळते. यावर उपाय एकच: प्रत्येक व्यक्तीला नंबर द्या आणि नावापुढे पहिली व शेवटची नोंद कोणत्या साली दिसली ते लिहा. बाप-मुलात पंधरा वर्षांहून कमी किंवा साठाहून जास्त अंतर पडलं तर पुन्हा तपासा.

प्रत्येक नात्यापुढे पुरावा लिहा: 'फेरफार नं. इतका, मौजे अमुक', 'नामावळी, नाशिक, शके इतके', 'आत्याने सांगितलं'. तिसऱ्या प्रकारच्या नोंदींना वेगळा रंग. साधी एक्सेल शीट पुरते. संगणकावर वृक्ष हवा असेल तर ग्रॅम्प्स हे मोफत सॉफ्टवेअर आहे आणि त्यात देवनागरी चालते.

पैसे घेऊन घराण्याची वंशावळ छापून देणारे थेट एखाद्या सरदाराशी किंवा राजकुळाशी नातं लावून देतात. मधल्या दोनशे वर्षांचे कागद त्यांच्याकडे मागा. ते मिळाले नाहीत तर तो कागद बाजूला ठेवा. तुमच्याकडे पाच पिढ्या पुराव्यानिशी असतील तर त्या पाचच छापा.

हयात माणसांच्या जन्मतारखा आणि पत्ते इंटरनेटवर टाकू नका. वंशवृक्षाची प्रत मात्र भाऊबंदांच्या प्रत्येक घरी पोहोचवा आणि सोबत रिकाम्या जागांची यादी द्या. यादीत नेमके प्रश्न लिहा: नंबर १४ ची बायको कोणत्या गावची, नंबर २२ मुंबईहून परत आला का. मोघम 'माहिती कळवा' ला उत्तर येत नाही, अशा प्रश्नांना मात्र येतं, आणि कधीकधी कोणीतरी फोन करून सांगतं की आमच्या माळ्यावर एक ट्रंक आहे.